माहेरचा सुळा

गवीपूर, बंगळूर
२६ ऑक्टोबर १९९४

ती. अक्कास भगवंताचा साष्टांग नमस्कार.

दिवाळी आली तरी कोल्हापूरहून तुझा फराळाचा डबा निघाल्याचं दिसत नाही. असो. पत्राचं कारण डुकरं.

आपल्या देवनहळ्ळीच्या शेतात यंदाही रानडुकरांनी उच्छाद मांडलाय. संध्याकाळ झाली की टेकडीवरून उतरतात, रागीत (तुमच्याकडची नाचणी) लोळतात, भुईमूग उकरतात. आपलं शेत बघणारा मुनियप्पा (आपल्या जुन्या चिक्कण्णाचा मुलगा) मला म्हणतो, "अण्णा, माळ्यावर बसून पत्र्याचा डबा वाजवायचा. बाकी काही नको." डबा! शहाजीराजांच्या फौजेबरोबर या मुलखात आलेलं आपलं घराणं, आणि आम्ही डबे वाजवायचे!

अप्पांची बंदूक असती तर एका बाराने काम झालं असतं. पण निवडणुका आल्यात, परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा. निकाल लागेपर्यंत ती ठाण्याच्या कपाटात आणि डुकरं माझ्या रागीत.

आता खरं सांगतो. आमच्या अभिमन्यूला शेत लेआउटवाल्यांना विकायचंय. तिकडे विमानतळ होणार अशी आवई आहे, त्यामुळे प्लॉट पाडणारे माशांसारखे घोंगावतात. विहिरीकडचा तुकडा तुझ्या नावावर आहे, रस्ताही तिथूनच जातो. तुझी सही झाली नाही तर ते बाकीच्या जमिनीकडे ढुंकूनही बघणार नाहीत. पोरगं लवकरच तुझ्याकडे येईल, गोड बोलेल, कागद पुढे करील. अक्का, सही करू नकोस. पाया पडतो.

तुझा,
भगवंत


कोल्हापूर
भाऊबीज, ५ नोव्हेंबर १९९४

चि. भगवंतास आशीर्वाद.

फराळ पाठवला नाही, कारण गेल्या वर्षीच्या चकल्यांना तू "दगड" म्हणाल्याचं सकवारने मला कळवलं होतं. बायकोशी जपून बोलत जा.

राजेसाहेब, आपण शहाजीराजांच्या फौजेतले खरे, पण फौजेत सगळेच तलवार चालवत नव्हते. कुणीतरी घोड्यांना चंदीही देत असेल. तीस वर्षं सरकारी कचेरीत फायलींवर शिक्के मारून निवृत्त झालेल्या माणसाने डबा वाजवला तर घराण्याचं नाक कापलं जाईल असं मला वाटत नाही.

सहीचं म्हणशील तर मला शेताचा उमाळा बिमाळा नाही. पंचेचाळीस वर्षं मी इकडे आहे. जी जमीन पिकवता येत नाही आणि राखताही येत नाही तिच्यावर उद्या कुणी बंगले बांधले तर मी का रडू? पण आज भाऊबीज आहे, म्हणून ओवाळणी मागते. अप्पा होते तोवर दर संक्रांतीला त्या शेतातल्या नाचणीचं एक पोतं मला यायचं. तू दोन वर्षं एक दाणा पाठवला नाहीस. या संक्रांतीपर्यंत आपल्या शेतातलं एक पोतं माझ्या दारात आलं, तर अभिमन्यूच्या कागदाला मी हात लावणार नाही. नाही आलं, तर सही करून मोकळी होईन. मग पत्रातून गळा काढायचा नाही.

कौशल्या


गवीपूर
१५ नोव्हेंबर १९९४

ती. अक्कास,

अट मंजूर. पोतं येणार म्हणजे येणार! तोड सापडली आहे, आणि गंमत म्हणजे ती अभिमन्यूनेच आणली. कंप्यूटर कंपनीच्या कामासाठी तो अमेरिकेला गेला होता, तिथून त्याने माझ्यासाठी धनुष्य आणलंय. दोन्ही टोकांना चाकं आहेत. दोरी ओढली की चाकं फिरतात आणि हाताला ओझं वाटत नाही. सोबत एक मासिक आहे. त्यात गोरे लोक झाडाला पाट बांधून वर बसतात आणि खालून डुक्कर चाललं की बाण सोडतात. ना आवाज, ना बारूद.

मीही इथल्या शिवाजीनगरच्या वेल्डरकडून लोखंडी माचाण करून घेतलं आणि विहिरीजवळच्या होंगेच्या झाडावर (तुमच्याकडचा करंज) बसवलं. वनखात्यात रीतसर अर्ज दिला. साहेब हसून म्हणाले, "बाणाने डुक्कर मेलं तर मला बघायला बोलवा." ही मी परवानगीच समजतो.

मासिकात लिहिलंय की डुकराचं नाक तिखट असतं, म्हणून शिकाऱ्याने साबण, तेल, अत्तर काही लावू नये. मी नऊ दिवस साबण लावलेला नाही. सकवारने माझा पलंग व्हरांड्यात काढलाय. तरी तिनेच जुन्या पडद्याचा सदरा-पायजमा शिवून दिला, पानांत मिसळून जावं म्हणून. पडद्यावर पानांबरोबर गुलाबही आहेत, पण ते स्वल्पच.

सहा संध्याकाळी बसलो. अजून डुक्कर आलं नाही. एक बाण मुनियप्पाच्या छपरात रुतला, पण छपराचं तोंड माझ्याकडेच होतं त्याला मी काय करू?

आणि आपल्या घराण्याची रीत मी विसरलेलो नाही. रानडुक्कर पडलं की उजवा सुळा माहेरवाशिणीला. अप्पांनी ३८ साली असंच माचाणावरून ते धूड लोळवलं, त्याचा उजवा सुळा चांदीत मढवून तुला दिला. डावा अजून आमच्या दिवाणखान्यातल्या मुंडक्यात आहे, पाहुण्यांना मी रोज दाखवतो. आता दुसरा सुळा घ्यायला तयार राहा.

भगवंत


कोल्हापूर
२३ नोव्हेंबर १९९४

चि. भगवंता,

तुझं पत्र मी शेजारच्या अंबुबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचा दमा हसून उसळला.

अरे, चाकाचं धनुष्य! पंक्चर झालं तर झाडावरच काढणार का? आणि गुलाबांनी बहरलेला करंज त्या डुकरांनी जन्मात पाहिला नसेल. बिचारी नवल बघायलाच खाली येतील. साबणाचं मात्र तू चुकलास. नऊ दिवसांच्या भगवंताचा वास टेकडी ओलांडून पलीकडच्या तालुक्यात गेला असणार, डुकरं येतील कुठून?

तुझा लेक येऊन गेला. पेढे आणले होते. मी सरळ विचारलं, "बापाला या वयात झाडावर का चढवलंस रे?" म्हणाला, "आत्या, एकदा पडले की आपणच म्हणतील, विकून टाक." गुणी मुलगा आहे. नाव मात्र चुकलं, चक्रव्यूह रचणाऱ्यांपैकी कुणाचं तरी ठेवायला हवं होतं. कागद टेबलावर ठेवून गेलाय. पंख्याने उडू नये म्हणून मी त्याच्यावर तो सुळा ठेवलाय.

अप्पांच्या डुकराची गोष्ट मला सांगत जाऊ नकोस. तू तेव्हा चार वर्षांचा होतास आणि बंगळुरात आईच्या कडेवर होतास. मी अकरा वर्षांची होते आणि शेतात होते.

माचाणाला दोरी बांधून बस. चेष्टा करते म्हणजे तुझी तंगडी मोडावी असं मला वाटत नाही.

अक्का


गवीपूर
५ डिसेंबर १९९४

ती. अक्का,

तोंडात साखर घाल! मारलं!

शुक्रवारी, दोन तारखेला, सहाला पाच कमी. टेकडीआड ऊन गेलं होतं पण दिसत होतं चांगलं. झुडुपातून काळंभोर धूड निघालं. अक्का, काय ते अंग, काय ती चाल! तसूभरही न बिचकता माझ्या झाडाखाली आलं आणि वर बघितलं. नजरेला नजर भिडली. अप्पांचं स्मरण केलं, दोरी कानापर्यंत ओढली, आणि सोडला. एका बाणात आडवं!

अभिमन्यू रस्त्यावर जीप घेऊन थांबला होता, त्याने धावत येऊन फोटो काढला. पोराचा चेहरा उतरलेला होता. फोटो सोबत पाठवतोय. डोक्यावर पाय ठेवून उभा आहे तो मीच.

थोड्या वेळात सगळा गाव जमला. काय ती गर्दी! मुनियप्पाच्या आईला तर अश्रू आवरेनात. लोक मला सोडायलाच तयार नव्हते. मारम्मेच्या देवळाच्या ओट्यावर मला मध्ये बसवलं, भोवती सगळे वडीलधारे. शनिवार गेला, रविवारी दुपारी कुठे मला घरी येता आलं. एवढा मान अप्पांनाही मिळाला नसेल.

रीतीप्रमाणे उजवा सुळा रजिस्टर पार्सलने पाठवतोय. पोतंही येईलच. आता तो कागद फाडून टाक.

तुझा विजयी भाऊ,
भगवंत


कोल्हापूर
१४ डिसेंबर १९९४

भगवंता,

पार्सल पोचलं. सुळा देखणा आहे. इतका देखणा की ओळखीचा वाटला.

माझा सुळा ओल्या फडक्याने पुसला आणि दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले. जोडी अशी जमली की बघत राहावं. तू पाठवलेला डावा आहे रे. उजवा छप्पन्न वर्षं माझ्याकडेच आहे. शिवाय तुझ्या सुळ्याच्या बुडाशी सरस आणि लाकडाचा भुसा चिकटलाय. रानडुक्कर सुताराकडून सुळे बसवून हिंडत नाही. दिवाणखान्यातल्या त्या मुंडक्याच्या तोंडात आता काय खुपसलंयस? सकवारला विचारू?

मग मी फोटो खिडकीत नेला आणि चष्म्यावर भिंग धरलं. पाय डोक्यावर का ठेवलास ते समजलं, कपाळ झाकायला. पण मान उघडी राहिली, बाबा. मानेत हळदीचा दोरा आहे. कानाला चीर आहे. पोट तर असं सुटलंय की एखाद्या मठातल्या स्वामींना शोभावं. मी त्या शेतात लहानाची मोठी झाले. देवीला सोडलेलं जनावर मला कळत नाही असं तुला वाटलं?

आणि मुनियप्पाची आई आनंदाने रडली म्हणतोस! चिक्कण्णा गेला तेव्हाही त्या बाईने चारचौघांत डोळ्याला पदर लावला नव्हता.

तुला देवळाच्या ओट्यावर दोन दिवस मान देत होते की डांबून ठेवलं होतं? खरं लिही. आणि पोत्याचं काय झालं तेही लिही. संक्रांतीला महिना राहिलाय.

कौशल्या


गवीपूर
२२ डिसेंबर १९९४

ती. अक्का,

मेणबत्ती. मुंडक्यात मी मेणबत्ती कापून बसवली आहे. सकवार रोज जाता-येता विचारते, पेटवू का म्हणून.

तुझं सगळं बरोबर आहे. ते रानडुक्कर नव्हतं. मुनियप्पाच्या आईने मारम्मेला नवसाने बोललेलं होतं, तीन वर्षं गावभर मोकळं हिंडायचं, ज्याच्या दारात जाईल तो खायला घालायचा. पुढच्या जत्रेत देवीला द्यायचं होतं. मी झाडाखाली शेंगदाण्याची पेंड टाकली होती, म्हणून ते आलं. वर बघितलं ते आणखी मिळेल म्हणून. अक्का, ते शेपूट हलवत होतं गं. मी डोळे मिटून दोरी सोडली. अंधाराचं निमित्त सांगितलं असतं, पण अंधार नव्हता. मला ते रानडुक्करच हवं होतं, म्हणून तसं दिसलं.

अभिमन्यूने फोटो काढला आणि मागून म्हातारी आली. तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती मटकन खाली बसली आणि त्याच्या मानेतला दोरा नीट करत राहिली.

गावाने ठरवलं, देवीला नवं डुक्कर द्यायचं आणि सगळ्या गावाला मुद्दे (उकडलेल्या पिठाचे गोळे) जेवायला घालायचे, तेही माझ्याच रागीचे. मी "सरी", बरं, म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आणि त्या दोन दिवसांत सगळे देवळापाशी बसलेले असताना खरी रानडुकरं उतरली आणि निम्मं शेत साफ करून गेली. उरलं ते मुद्द्यांत गेलं. पोतं नाही. दुकानातलं घेऊन पाठवावं असं मनात आलं होतं, पण तू दाणा बघून ओळखशील.

तू हसशील, हस. पण एक सांगतो. बंगळुरात माझ्यासाठी कोणी उठून उभं राहत नाही. बसमध्ये "ओ म्हातारे, सरका", घरात "बाबा, तुम्हाला कळत नाही". त्या शेतात पाऊल टाकलं की मुनियप्पा "बन्नी अण्णा", या अण्णा, म्हणून खांद्यावरचा टॉवेल झटकून दगड पुसतो. तेवढ्यासाठी मला शेत हवं होतं. आता त्या तोंडाने तिथे जाणार कसा?

अट तुझीच होती. सही कर.

भगवंत


कोल्हापूर
१ जानेवारी १९९५

चि. भगवंता,

डोळे पूस आणि नीट वाच. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आमच्या ह्यांनासुद्धा नाही.

३८ साली अप्पा त्याच विहिरीजवळच्या झाडावर बसले होते, बंदूक घेऊन. मी आणि चिक्कण्णा खाली विहिरीच्या कठड्याआड. अस्सल रानडुक्कर आलं, आणि माझा वास लागून सरळ माझ्यावर आलं. अप्पांनी बार काढला नाही. बंदूक त्यांच्या हातून खाली पडली होती आणि ते फांदीला मिठी मारून बसले होते. चिक्कण्णा मध्ये आला. विळा बांधलेली काठी होती त्याच्याकडे, तेवढीच. डुक्कर मेलं, आणि चिक्कण्णाची मांडी गुडघ्यापर्यंत फाटली. तो जन्मभर लंगडत होता ते का, हे कधी विचारलंस?

अप्पा खाली आले, रडले, आणि माझ्यादेखत त्याला म्हणाले, "विहिरीकडचा तुकडा तुझा." मग बंगळूरहून फोटोवाला बोलावला, डुकराच्या डोक्यावर पाय ठेवला, आणि तुकड्याचं कुणी नाव काढलं नाही. मला मात्र चांदीत मढवलेला सुळा मिळाला. घराण्याची रीत म्हणून सांगतोस ना, ती त्या आठवड्यात सुरू झाली. माझं तोंड बंद करायला.

मी का गप्प बसले? सुळा आवडला म्हणून. अकरा वर्षांची होते, मैत्रिणींना दाखवत हिंडले. मोठी झाल्यावर लाज वाटायला लागली, आणि लाजेपायी तोंड आणखी मिटलं. पुढे अप्पांनी तोच तुकडा माझ्या नावावर करून दिला. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. चिक्कण्णा जिवंत होता. नाही बोलले. तुला इतकी बोलते, पण तुझ्याहून मी कमी खोटी नाही.

तू मला सही कर म्हणालास, म्हणून केली. श्रीरंग वकिलांकडे जाऊन विहिरीकडचा तुकडा मुनियप्पाच्या नावाने बक्षीस लिहून दिलाय. पक्कं करायला मी पुढच्या महिन्यात स्वतः देवनहळ्ळीला येते आहे. आता लेआउटवाल्यांनी रस्ता आकाशातून काढावा. अभिमन्यूच्या कागदात भडंग बांधून अंबुबाईंना दिलं, त्यांना आवडलं.

दोन्ही सुळे मुनियप्पाच्या आईला पाठवलेत. ते तिच्या नवऱ्याचे आहेत.

अक्का


(पोस्टकार्ड)
गवीपूर, ९ जानेवारी १९९५

पत्र मिळालं. अप्पांविषयी असं लिहायला तुझा हात कसा धजला? यापुढे मी लिहिणार नाही, तूही लिहू नकोस. स्टेशनवर सकवार येईल.
भगवंत
ता.क. मुंडकं उतरवलं.


देवनहळ्ळी
१० जानेवारी १९९६

ती. अक्कास भगवंताचा नमस्कार.

वर्षभर लिहिलं नाही, तू कागद पक्का करायला आलीस तेव्हा समोरही आलो नाही. रागाने सहा महिने, आणि पुढचे सहा कशी सुरुवात करू ते सुचेना म्हणून.

गेल्या पावसाळ्यात मुनियप्पाच घरी आला. म्हणाला, "अण्णा, माझा तुकडा आणि तुमचं शेत लागून आहे. डुकरं हद्द बघत नाहीत. माचाण रिकामं आहे, माझ्याकडे बसायला माणूस नाही." मी म्हटलं, धनुष्य अभिमन्यूने कुणाला तरी विकून टाकलं. तो म्हणाला, "धनुष्य कुणी मागितलं?" आणि पिशवीतून तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा काढला.

गणपतीपासून रोज संध्याकाळी बसतोय. साबण लावून बसतो. गुलाबाचा सदरा अजून घालतो, थंडीत बरा पडतो. सुरुवातीला हात भरून यायचे, आता लय सापडली. मुनियप्पाची आई खालून ओरडते, "अण्णा, स्वल्प जोरात!" ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती एवढ्यासाठीच, पण बोलली. दोन्ही सुळे तिने मारम्मेला वाहिलेत. मी नमस्कार करून आलो. अक्का, तिथे उभं राहिल्यावर मला चिक्कण्णाचं लंगडणं आठवलं. लहानपणी मी त्याची नक्कल करून तुम्हाला हसवायचो.

यंदा एकही डुक्कर आत शिरलं नाही. अभिमन्यू म्हणतो, बाबा, लोक हसतात. हसू देत.

आज कोल्हापूरच्या बसच्या टपावर एक पोतं चढवलंय, तोंडाला निळी दोरी आहे. तुझ्या जुन्या तुकड्यातलं मुनियप्पाही पाठवणार होता, गोणी भरून तयार ठेवली होती त्याने. मी म्हटलं, तू थांब. हे माझ्या शेतातलं आहे, आणि भाऊबीज माझी राहिली होती.

तुझा,
भगवंत